आधी रिक्त पद दाखवा

कॅनडात टोरोंटोशेजारच्या मिसिसागातील आमच्या घरी ऑक्टोबर ते एप्रिल या काळात कुकरची तिसरी शिट्टी होण्यापूर्वीच निवड समितीची बैठक सुरू होते. या समितीला कोणी नेमलेले नाही, तिचा ठराव कोणी मानत नाही, आणि तरीही तिचे कामकाज गणसंख्येअभावी आजवर एकदाही तहकूब झालेले नाही. विषय ठरलेला असतो. टोरोंटो मेपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकीतील थोरल्या संघाच्या हाताखाली टोरोंटो मार्लीज नावाचा जो धाकटा संघ आहे, त्यातील कोणत्या पोराला आता वर बोलवावे? सदस्य तीन आहेत: चौदा वर्षांचे आमचे चिरंजीव, शेजारचा सोलापूरकर, जो येतो बर्फाचे फावडे परत करायला आणि थांबतो जेवायला, आणि मी, ज्याला बर्फावर नुसते उभेही राहता येत नाही.

चिरंजीवांचा निकष गोलांचा आहे. जो जास्त गोल करतो त्याला वर न्यावे, एवढा त्यांचा हिशेब सरळ आहे. सोलापूरकराला अंगापिंडाने दणकट गडी लागतो, कारण त्याच्या मते आमचा संघ दरवर्षी बाद फेरीत केवळ वजन कमी पडल्यामुळे हरतो. (लीफ्सनी स्टॅन्ले कप हा या खेळातला सर्वांत मानाचा करंडक शेवटचा १९६७ साली जिंकला. इतक्या वर्षांत वजन कोणाचेही वाढले असते, असे मी एकदा म्हणालो, तेव्हा त्याने दोन दिवस फावडे परत केले नाही.) माझा उमेदवार मात्र क्वचितच गोल करतो. समोरून सुसाट येणाऱ्या चकतीसमोर तो निमूटपणे आडवा पडतो आणि लंगडत बाकावर जाऊन बसतो. मी चोवीस वर्षे नोकरी केली असल्यामुळे मला हा मनुष्य जवळचा वाटतो.

दाखले तर प्रत्येकाच्या खिशात असतात. चिरंजीव २०१६ च्या २९ फेब्रुवारीचा दाखला देतात. त्या दिवशी विल्यम नायलँडर आणि झॅक हायमन यांच्यासह मार्लीजची पोरे एकगठ्ठा वरच्या संघातून पहिल्यांदा खेळली. पुढे याच हायमनने एडमंटनच्या संघाकडून २०२३-२४ च्या मोसमात ५४ गोल केले. मात्र पोरे वर आली त्या २०१५-१६ च्या मोसमात लीफ्स तीस संघांत तिसावे आले, म्हणजे पोरांना जागा देण्यावाचून दुसरे करण्यासारखे काही उरले नव्हते, हा तपशील चिरंजीव सोयीस्करपणे गाळतात. माझा दाखला अधिक जहाल आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले, तेव्हा मैदानात हजर असलेल्या डेव्हिड एअर्स या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला उभे करण्यात आले. बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र चालवणारा हा मनुष्य मार्लीजच्या सरावात हौसेने गोल राखत असे. त्याने पहिले दोन फटके सोडले, पुढचे आठ अडवले, आणि लीफ्स आपल्याच घरी ६–३ असे हरले. गुणवत्तेवर फार बोलू नये, एवढेच मला यातून सुचवायचे असते. पण हा दाखला निघाला की सोलापूरकर ताट बाजूला सरकवतो, आणि मग ताकाचा आग्रह मलाच करावा लागतो.

यंदा जानेवारीत आमचे सासरे अण्णा गावाहून आले. एका जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात आस्थापना शाखेचे अधीक्षक म्हणून ते निवृत्त झाले आहेत. तीन रात्री कानटोपी न काढता त्यांनी आमचा वाद ऐकला. चौथ्या रात्री पापड मोडत ते शांतपणे म्हणाले, “जावईबापू, ते गुणवत्तेचे राहू द्या. आधी पद रिक्त आहे का?”

समिती गप्प झाली. चिरंजीवांनी अडखळत सांगितले की थोरल्या संघाला तेवीसच खेळाडू ठेवता येतात. “म्हणजे आकृतिबंध तेवीसचा,” अण्णा म्हणाले. एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, हे ऐकून त्यांनी “वेतनाची तरतूद” अशी मान डोलावली. एखाद्या मुरलेल्या खेळाडूला खाली पाठवायचे तर त्याचे नाव आधी चोवीस तास जाहीर ठेवावे लागते, उरलेल्या एकतीस संघांपैकी कोणीही त्याला उचलू शकतो आणि त्यात तळाच्या संघाला पहिला मान असतो, हे सांगताना मला घाम फुटला होता, अण्णांनी मात्र ते एका श्वासात आटोपले: “अतिरिक्त शिक्षकाचे समायोजन.” नव्या पोरांना ही अट काही काळ लागू नसते, असे सोलापूरकराने सांगताच त्यांचा चेहरा उजळला. आणि दीर्घकाळ जायबंदी असलेल्याच्या जागी कोणाला घेता येते, हे कळल्यावर त्यांनी “रजा मुदतीतील नेमणूक” असे म्हणून विषयच मिटवला. जी नियमावली समजून घ्यायला मला सहा हिवाळे लागले, ती या मनुष्याला आमटीत दुसरा भात कालवेपर्यंत कळली होती.

“मग तुमच्या तिघांपैकी कोणाचाच जाणार नाही,” अण्णांनी निकाल दिला. “ज्याला परत पाठवताना कागद हलवावा लागत नाही, तो जाईल.”

पुढच्या आठवड्यात नेमके तसेच झाले. ज्याचे नाव आमच्या बैठकीत कधी निघालेही नव्हते, असा एक कोवळा पोरगा वर गेला. सामन्याला वीसच जण गणवेशात उतरतात, हा उरलेल्यांत बसला. आम्ही चौघांनी डोळे फाडून पाहिले, तेव्हा वरच्या सज्जात सुटाबुटात बसून काहीतरी चघळताना तो क्षणभर दिसला. दुसऱ्या दिवशी तो खाली परतला.

“प्रवासभत्ता?” अण्णांनी विचारले.

दोन्ही संघांची मैदाने एकाच शहरात असून ५०९ क्रमांकाच्या ट्रामने जाता येते, असे मी सांगितले. “मुख्यालय बदलले नाही, म्हणजे भत्ता नाही,” त्यांनी नोंद घेतली. मात्र वर असेल त्या दिवसाचे वेतन वरच्या दराने मिळते आणि २०२५-२६ च्या मोसमात तो दर वर्षाला किमान ७,७५,००० डॉलर आहे, हे ऐकून त्यांनी वीजबिलाचे पाकीट उलटे करून त्या रकमेला मोसमाच्या सुमारे १९० दिवसांनी भागले. उत्तर चार हजारांच्या पुढे आले. त्यांनी ते दोनदा ताडून पाहिले.

“आणि हा फरक मिळतो कधी?”

“पंधरा दिवसांनी पगार होतो, त्यातच,” चिरंजीव म्हणाले.

अण्णांनी पेनाचे टोपण लावले. स्वतःच्या फरकाच्या शेवटच्या हप्त्याची ते अजून वाट पाहत आहेत. बऱ्याच वेळाने त्यांनी कानटोपी काढली आणि त्या पोराचे नाव काय, असे पहिल्यांदाच विचारले.