परदेशातून: इसब, मांजर आणि पुण्याची फरशी

मुलाच्या कोपराच्या खोबणीत इसब उठला की पुण्याच्या घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, आधी ते मांजर कुणाला तरी देऊन टाका. नातवंडं म्हणतात, परदेशात मांजरं गादीवर झोपतात, तिथे कुणाचं काय बिघडतं? इंग्लंडमध्ये राहून या वादाकडे पाहिलं तर माझं मत असं झालंय की मांजर घालवायची घाई नको, पण इथली राहणी जशीच्या तशी पुण्यात नेणंही धोक्याचं आहे.

इथल्या घरात बहुधा गालिचा असतो आणि हिवाळाभर खिडक्या बंद. मांजराची ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तेलकट ग्रंथींत एक प्रथिन असतं, त्याची ती असते. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि तिचे कण गाद्या-पडद्यांत जाऊन बसतात. मांजर गेल्यावरही ते प्रमाण उतरायला चार-सहा महिने लागतात. त्यामुळे ‘पंधरा दिवस मावशीकडे ठेवून बघू’ या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. त्वचेची प्रिक टेस्ट (त्वचेला हलकं टोचून करायची ॲलर्जीची तपासणी) करून घ्यावी, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे इसब मांजरामुळेच आहे असंही नाही. अंगाला त्या प्रथिनाची ओळख झाली आहे, एवढंच तिच्यावरून कळतं.

पुण्यातली फरशी ही मोठीच सोय. ती वाया जाते कोरड्या झाडूने, कारण झाडू बसलेले कण पुन्हा हवेत उडवतो. आधी ओलं फडकं फिरवा. त्या पाण्यात फिनेल मात्र नको. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतंच. भेगाळलेल्या हातांनी ते फडकं पिळणाऱ्याचीही आग होते. थोडा सौम्य साबण पुरतो. झोपायच्या खोलीत प्राण्याला कधीच येऊ देऊ नका. चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा, म्हणजे धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेही मरतात. पावसाळ्यात ते जास्त माजतात. कुत्र्याच्या आंघोळीचा गुण जेमतेम तीन-चार दिवस टिकतो. ‘ॲलर्जी न होणारी जात’ सांगून पिल्लू विकतात, तशी खात्रीची जात नाही.

आता त्वचेचं. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं आंघोळ, अंग न घासता टिपायचं आणि तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. अंगभर इसब असेल तर आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. तिथे 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली तर गुण कसा येणार? डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं घ्या. ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मलम जिरेपर्यंत प्राण्याला चाटू देऊ नका. सोरायसिससाठी लावतात ते कॅल्सिपोट्रायॉल कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

गोल, कडेला उठलेला चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. मांजराच्या पिल्लांकडून तो येतो. औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम त्यावर चोळलं की तो आणखी पसरतो. अशा वेळी माणसाबरोबर पिल्लालाही दाखवून औषध द्यावं लागतं.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते रेबीजबद्दल. ब्रिटनमध्ये कुत्र्या-मांजरांत रेबीज राहिलेला नाही, म्हणून इथे ‘चाटू दे, काय होतंय’ हे चालून जातं. पुण्यात ते चालणार नाही. खाजवून फुटलेल्या त्वचेवर संशयित प्राण्याची लाळ लागणं जागतिक आरोग्य संघटना तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरते. चावलेली जखमही त्याच वर्गात येते. मग 15 मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, त्याच दिवशी दवाखाना, लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं. इसब अंगवळणी पडलेल्या माणसाला बोटांच्या पेरांवरची चीर जखम वाटतच नाही, तिथेच घात होतो. घरच्या प्राण्याची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर झालीच पाहिजे, तो कधीच बाहेर जात नसला तरी. आणि सोसायटीच्या फाटकाशी भटक्यांना पोळी घालायला उतरताना आधी हात उजेडात धरून बघा. चीर दिसली तर पोळी खाली ठेवा, हातावरून भरवू नका.