‘लिमिटेड’ कंपनी आणि घरावरची सही

चार दिवसांपूर्वी रात्री पावणेबाराला दादाचा मेसेज आला. ‘चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वाचावे’ असं वर लिहिलेलं ते लांबलचक फॉरवर्ड महिन्याभरात चार ग्रुपवर येऊन गेलं होतं आणि मी ते दरवेळी न वाचता सोडलं होतं. पण दादाने खाली लिहिलं होतं, ‘माझ्याच मनातलं लिहिलंय गं. सोमवारी साहेबांशी राजीनाम्याचं बोलतो.’ दादा 47 वर्षांचा आहे. तळेगावच्या एका कास्टिंगच्या कारखान्यात त्याने 22 वर्षं क्वालिटीत काढली. मुलगी बारावीला, फ्लॅटचे हप्ते आत्ता कुठे गेल्या वर्षी फिटले. मग मात्र मी ते उघडलं आणि दोनदा वाचलं.

त्यात म्हटलंय ते असं. चाळिशीतली अस्वस्थता म्हणजे नोकरी सोडायची वेळ झाल्याची खूण. यशस्वी कंपन्या काढणाऱ्यांचं सरासरी वय 45, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. केएफसीच्या कर्नल सँडर्सने 65व्या वर्षी आणि फाल्गुनी नायर यांनी पन्नाशीत शून्यातून सुरुवात केली. सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेत नाव नोंदवलं की तीन वर्षं कर माफ. आणि भांडवलासाठी पीएफ काढा, घर तारण ठेवा, फक्त कंपनी प्रायव्हेट लिमिटेड करा, कारण ‘लिमिटेड’ असली की ती बुडाली तरी घरादाराला धक्का लागत नाही.

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण घरं जातात ती या समजुतीपायी. एका दमात घर तारण ठेवा म्हणायचं आणि दुसऱ्या दमात घराला धक्का नाही म्हणायचं! तारण ठेवलेलं घर हप्ते थकले की जातं, मग कंपनी कुठल्याही प्रकारची असो. आणि समजा तारण नाही ठेवलं, तरी काय होतं ते मी स्वतः भोगलंय.

आमची नाशिकला इन्स्टंट पिठांची प्रायव्हेट लिमिटेड होती. मी आणि हे, दोघेच संचालक. खेळत्या भांडवलासाठी 18 लाखांचं कर्ज मंजूर झालं, त्या दिवशी बँकेत कागदांचा गठ्ठा समोर आला. जिथे सही करायची तिथे अधिकाऱ्याने पेन्सिलीने आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी फुली बघायची, सही करायची, पान उलटायचं. मधेच एका स्टँप पेपरवर आम्हा दोघांची नावं कंपनीशिवाय, नुसती नावं म्हणून होती. मी विचारलं, हे काय? ‘हमीपत्र आहे मॅडम, फॉर्मॅलिटी.’ मी सही केली. कंपनी 2018 मध्ये बंद पडली आणि नोटीस आली ती कंपनीच्या गाळ्यावर नाही, घरी आली, माझ्या माहेरच्या आडनावासकट. आईच्या बांगड्या त्यात गेल्या. शेवटचा हप्ता 2022 मध्ये भरला.

‘लिमिटेड’चा अर्थ इतकाच, की भागधारक म्हणून तुम्ही शेअरच्या रकमेपुरतेच बांधलेले असता. हे खरंच आहे. पण नव्या कंपनीकडे ना मालमत्ता, ना तीन वर्षांचे ताळेबंद. म्हणून बँक सहसा संचालकांची वैयक्तिक हमी घेते, आणि ती सही झाली की तुम्ही नुसते भागधारक राहत नाही, जामीनदार होता. 1872च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. यावर कुणाला शंका असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 21 मे 2021चा ललितकुमार जैन खटल्यातला निकाल बघा. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करण्याची तरतूद केंद्राने 2019 मध्ये लागू केली, तिला मोठमोठ्या प्रवर्तकांनी आव्हान दिलं होतं. न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. शिवाय स्पष्ट सांगितलं, की कंपनीची निराकरण योजना, म्हणजे देणी मिटवून कंपनी सावरायची योजना, मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही. नामांकित वकील उभे करणाऱ्या उद्योगपतींना जिथे सुटका मिळाली नाही, तिथे तळेगावच्या टू बीएचकेवाल्याला हे फॉरवर्ड कसली खात्री देतंय?

पीएफचंही तसंच. पीएफ खात्यातल्या पैशाला सावकाराच्या जप्तीपासून कायद्याचं संरक्षण असतं. तुमची सगळी देणी थकली तरी त्या खात्याला हात लावता येत नाही. माणसाची म्हणून जी एक रक्कम कायद्याने वेगळी काढून ठेवली आहे, नेमकी तीच आधी बाहेर काढा असा हा सल्ला! ज्याने तो लिहिला त्याला हे माहीत नसेल तर त्याने लिहू नये, आणि माहीत असूनही लिहिला असेल तर मला त्याचा राग येतो.

आता 45 वर्षांचं. हे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. अझुले, जोन्स, किम आणि मिरांडा या चौघांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदींवरून त्यांनी 27 लाख संस्थापकांची वयं काढली. सर्वांत वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय खरोखरच 45 निघालं. पण सगळ्याच संस्थापकांचं सरासरी वय तिथे जवळपास 42 होतं, हे फॉरवर्डात नाही. आणि मुख्य गोष्ट गाळली आहे ती ही, की ज्यांनी त्याच बारीकशा क्षेत्रात आधी किमान तीन वर्षं काम केलं होतं, त्यांना मोठं यश मिळण्याची शक्यता अजिबात अनुभव नसलेल्यांपेक्षा 85 टक्के जास्त होती. दादाला काय काढायचंय? कोकणातला हापूस थेट ग्राहकाच्या दारात पोचवणारं ॲप. आंब्याशी त्याचा संबंध खाण्यापुरता आणि ॲपशी वापरण्यापुरता. त्याची 22 वर्षं त्या धंद्यात त्याच्या काही कामाची नाहीत.

सँडर्सचं फार लांबवत नाही. 105 डॉलरच्या पेन्शनच्या चेकवर धंदा उभा केल्याची गोष्ट लोक सांगतात, पण हा माणूस 1930 पासून केंटकीतल्या कॉर्बिनला प्रवाशांना जेवण विकत होता आणि त्याची पहिली फ्रँचायझी 1952 मध्येच युटात सुरू झाली होती. पासष्टी आली तेव्हा या धंद्यातली पंचवीस वर्षं त्याच्या गाठीशी होती. फाल्गुनी नायर यांनी 2012 मध्ये नायका ही सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी काढली तेव्हा त्या कोटक महिंद्राच्या गुंतवणूक बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून आल्या होत्या, आणि पती केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या भारतातल्या व्यवसायाचे प्रमुख होते. त्यांचं कर्तृत्व मोठंच आहे, पण त्याला शून्य म्हणू नका.

करमाफीचंही एका वाक्यात संपतं: स्टार्टअप इंडियाची मान्यता आणि करमाफीची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सवलतीसाठी वेगळा अर्ज करून आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि ती नफ्यावर आहे. नफाच नसेल तर माफ काय होणार?

राहिली अस्वस्थता. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दादा रविवारी संध्याकाळी गप्प होतो, ते मी तीन वर्षं बघतेय. त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणूस त्याचा साहेब झालाय. हे दुखतं. पण हे दुखणं नोकरी सोडल्याने जातं असं कोणी सांगितलं? नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम जातो. दादाला शुगर आहे. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात, आणि तेही 2024 मध्ये चारावरून तीनवर आलं म्हणून. यावर फॉरवर्डात एक शब्द नाही.

दादाने गेज कॅलिब्रेशनची, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची उपकरणं अचूक आहेत का ते तपासून देणारी, लॅब काढतो म्हटलं असतं तर मी पहिली उभी राहिले असते. चाकण-तळेगाव पट्ट्यात मायक्रोमीटर घेऊन कोणाच्या दारात जायचं हे त्याला झोपेतही सांगता येईल. शनिवार-रविवार धरून, पहिली दोन गिऱ्हाइकं मिळेपर्यंत नोकरी न सोडता सुरू करता येईल. हे मी त्याला त्याच रात्री लिहिलं. ‘बघू’ असं उत्तर आलं.

येत्या रविवारी मी तळेगावला जातेय. आमच्या हमीपत्राची प्रत अजून कपाटात आहे, ती बरोबर नेणार आहे आणि वहिनीसमोर मोठ्याने वाचणार आहे. फ्लॅटवर तिचंही नाव आहे. घर तारण ठेवायचं तर त्या गठ्ठ्यात एक फुली तिच्यासाठीही असेल, आणि फॉरवर्ड येऊन चार दिवस झाले तरी तिला अजून कोणी काही विचारलेलं नाही.