चौकटीला कॅन्सल करत जगण्याची कला

लिनक्सवाला कॉम्प्युटर सुरू केला, पासवर्ड टाकला, डेस्कटॉप आला आणि पाठोपाठ ती चौकट आलीच: 'लॉगिन कीरिंग अनलॉक झाली नाही.' घाबरू नका. वाचू तर मुळीच नका. वाचलं की कळतं, आणि कळलं की काहीतरी करावं लागतं. सरळ कॅन्सल दाबा. ब्राउझर उघडलात की ती परत येईल. कॅन्सल. मेल उघडलात की पुन्हा. कॅन्सल. चिवट ती की तुम्ही, हा आता इभ्रतीचा प्रश्न आहे.

एखादा शहाणा सांगेल की कीरिंग बिघडलेलीच नाही. ती म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची कुलूपबंद फाइल, आणि कुलपाची किल्ली म्हणजे तुमचा लॉगिन पासवर्ड. मध्यंतरी तुम्ही तो विसरलात आणि अ‍ॅडमिनकडून नवा करून घेतलात. कीरिंगला हे कोण सांगणार? तिचं कुलूप जुन्याच पासवर्डाचं राहिलं. अ‍ॅडमिनच्या नव्या पासवर्डाने ते उघडलं असतं, तर कुलूप कशाला म्हणायचं? पण अशा माणसाकडे दुर्लक्ष करा. चौकटीत नवाच पासवर्ड टाका. आधी सावकाश, मग कॅप्स लॉक बघून, मग बटणं आपटून. जुना चुकूनही टाकू नका, लगेच उघडेल. मग सीहॉर्स या कीरिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन लॉगिन कीरिंगवर राइट क्लिक करून पासवर्ड बदलायचा मोह होईल, आणि दोन मिनिटांत सगळं संपेल. मॅकवाल्यांनी तर जास्तच जपावं. तिथे कीचेनचा, म्हणजे त्यांच्या कीरिंगचा, पासवर्ड अपडेट करायचं बटण कधीकधी समोरच येतं.

चौकट अजून आलीच नसेल, तर ऑटो लॉगिन चालू करा. पासवर्ड टाइप करायचे चार सेकंद वाचतात. पण टाइपच न केलेला पासवर्ड कीरिंगपर्यंत पोचणार कसा? म्हणून ती तो स्वतंत्रपणे मागते. म्हणजे मशीन येणाऱ्या-जाणाऱ्याला सताड उघडं, आणि पासवर्ड फक्त मालकाला विचारणार. बोटाच्या ठशाने लॉगिन केलंत तरी बहुतेक हाच प्रसाद. ठसा म्हणजे पासवर्ड नव्हे.

यावर एक लोकप्रिय उतारा आहे: कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा. चौकट गायब! फक्त सगळे पासवर्ड फाइलमध्ये उघड्यावर पडतात. डिस्क ज्याच्या हाती, त्याने वाचावेत. आपलं काय जातंय.

आणि अगदीच वैतागलात तर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या लोकल फोल्डरात शिरा, त्यातल्या शेअरमध्ये कीरिंग्ज सापडेल. तिथली लॉगिन नावाची फाइल उडवून टाका. पासवर्ड टाकून पुन्हा लॉगिन केलंत की कोरी करकरीत नवी तयार होते. नाव बदलून जुनी बाजूला ठेवायचा भ्याडपणा मात्र नको. उद्या जुना पासवर्ड आठवलाच, तर उघडायला काहीतरी शिल्लक राहील ना!

मी असा उतावळेपणा केलेला नाही. माझी जुनी फाइल जागच्या जागी आहे, आणि जुना पासवर्डही विसरायला नको म्हणून एका ऑनलाइन वहीत नीट लिहून ठेवलाय. त्या वहीचा पासवर्ड कीरिंगमध्ये आहे.