‘व्हीसीआर घेतला पण केबलचा एकही चॅनल लागत नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार, दुकान माझंच आहे म्हणून उत्तर मीच देतोय. तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की आमच्याकडून रिपेअर केलेला जुना व्हीसीआर घेतला, केबलची वायर लावून तीनदा ऑटो ट्यूनिंग केलं तरी नुसता निळा स्क्रीन, मग सेट टॉप बॉक्समधून जोडला तर एक चॅनल बघत दुसरा रेकॉर्ड होईना, टायमर लावला तर कार्यक्रम मधूनच गायब, सिनेमा रेकॉर्ड केला तर चित्र एकदा उजळतं एकदा काळवंडतं, आणि वर आमच्या दुकानातल्या मुलाने फोनवर ‘केबलवाल्याला विचारा’ म्हणून फोन ठेवला. यातलं काहीच खोटं नाहीये. मशीन परत आलं तेव्हा मी स्वतः टेबलावर घेतलं, दोन दिवस चालवून बघितलं. मशीन ठणठणीत आहे, पण ते देताना आम्ही तुम्हाला ‘पहिल्यासारखं सगळं चालेल’ असं जे सांगितलं ते चूक होतं, आणि तुमची खरी तक्रार तीच आहे.

चॅनल का लागत नाहीत ते आधी सांगतो, कारण हे विकतानाच सांगायला हवं होतं. व्हीसीआरच्या आतला ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीचा आहे, म्हणजे ७ किंवा ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्टीत एकच चॅनल असणार असं धरून तो शोधतो. आता केबल डिजिटल झालीय, त्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये बरेच चॅनल एकत्र दाबून भरलेले असतात आणि त्यावर कुलूप, ते बॉक्सच उघडतो. व्हीसीआरला त्यात फक्त मुंग्या दिसतात आणि मुंग्या दिसल्या की तो निळा स्क्रीन लावतो. तीनदा काय, तीनशेदा ट्यूनिंग केलं तरी तेच होणार. खरं तर अ‍ॅनालॉगच्या काळातही हे दुखणं होतंच, केबलवाले मधल्या मोकळ्या पट्ट्यांतही चॅनल टाकायचे, एस-बँड म्हणतात त्याला, १०४ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि मग २३० च्या पुढे, आणि ज्या मशीनला फक्त टीव्हीच्या नेहमीच्या पट्ट्या, व्हीएचएफ-यूएचएफ, कळायच्या तिथे निम्मे चॅनल दिसायचेच नाहीत. तेव्हाही लोक मशीनलाच नावं ठेवायचे.

म्हणजे आता रस्ता एकच, बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना व्हीसीआरच्या मागच्या इनपुटला लावायच्या आणि व्हीसीआर एव्ही मोडवर ठेवायचा. मग बॉक्सवर जो चॅनल लागलाय तोच रेकॉर्ड होणार. एक बघत दुसरा रेकॉर्ड करायचा तर दुसरा बॉक्स लागतो, त्याला दुसरा उपाय नाही, आणि ‘होईल की’ असं तुम्हाला काउंटरवर सांगितलं गेलं ही सरळ सरळ आमची चूक.

टायमरचं मी तुमची कॅसेट लावून बघितलं. पहिली ४० मिनिटं एकदम स्वच्छ, आवाजही छान, मग एका क्षणात काळं आणि शेवटपर्यंत काळंच. व्हीसीआर वेळेवर चालू झाला, वेळेवर बंद झाला, त्याने त्याचं काम केलं. झोपला तो बॉक्स. बऱ्याच बॉक्सला वीज वाचवायची सेटिंग असते, तीन-चार तास रिमोटला हात लागला नाही की स्वतःहून स्टँडबायवर जातात, आणि व्हीसीआरला ते कळायला काही मार्ग नाही. बॉक्सच्या मेनूत जाऊन ती सेटिंग बंद करा, आणि कार्यक्रमाला रिमाइंडर लावता येत असेल तर तोही लावा, कित्येक बॉक्स त्या वेळेला आपणहून चॅनल बदलतात. म्हणजे टायमर दोन्हीकडे लावायचा, नुसत्या व्हीसीआरला लावून भागत नाही.

चित्र काळवंडण्याचं वाचून मला जास्त वाईट वाटलं कारण त्यासाठी आमच्याकडे दोनदा हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, साफ करून घेतलं तुम्ही. हेडला काहीही झालेलं नाही. काही सिनेमांच्या सिग्नलमध्ये कॉपी होऊ नये म्हणून चित्राच्या वर न दिसणाऱ्या रेषांमध्ये जास्तीचे पल्स घातलेले असतात, व्हीसीआर आपोआप ब्राइटनेस सांभाळायला जातो आणि त्या पल्सने फसतो, टीव्ही फसत नाही म्हणून लाइव्ह बघताना चित्र नीट दिसतं. हे आम्ही काढून देत नाही आणि देणारही नाही, पण बाकीच्या कार्यक्रमांना हा त्रास होत नाही. हेड साफ केल्याचे दोन्ही वेळचे पैसे परत देतोय.

एक गोष्ट अजून. तुमच्या फोटोत बॉक्सच्या मागे तीन पिना दिसत नाहीयेत, एकच छोटं गोल भोक आहे हेडफोनसारखं. त्यासाठी वेगळी वायर येते आणि सगळ्या वायरी सारख्या नसतात, आतली जोडणी उलटी असली की चित्र गायब आणि स्पीकरमधून घर्र आवाज, तुम्ही ‘घरघर’ लिहिलंय ती बहुतेक हीच. बरोबर वायर मी तपासून देतो, तिचे पैसे नकोत.

एवढं करूनही तुमच्या घरात उपयोगाचं नाही असं वाटलं तर मशीन परत द्या, पूर्ण रक्कम मिळेल, स्टार बदला असं मी म्हणणार नाही. आणि आता कोणालाही मशीन देण्याआधी घरी कोणता बॉक्स आहे, त्याच्या मागचा फोटो दाखवा, हे मी स्वतः विचारतो. फोनवर तुमच्याशी जे बोललं गेलं त्याबद्दल माफी मागतो, त्या मुलाला माहीत नव्हतं आणि त्याला शिकवायचं काम माझं होतं.

तुमची कॅसेट माझ्याकडे सांभाळून ठेवलीय. त्या ४० मिनिटांत तुमच्या मुलीचं गाणं पूर्ण आलंय, म्हणून कडेची प्लास्टिकची टॅब तोडून ठेवलीय, आता त्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.