आजारी पडायचंय? आधी कमिटीत निवडून या

मंडळीतल्या भावाबहिणींनो, सलाम. येत्या काळात तुमच्यापैकी कुणाचा आजारी पडायचा बेत असेल तर घाई करू नका, आधी हे वाचा. गेल्या महिन्यात माझी आई न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या एका दवाखान्यात २२ दिवस होती. सांगलीच्या आपल्या चर्चच्या मंडळीत पाळकीय काळजी, म्हणजे आजारी-म्हाताऱ्यांची विचारपूस, नक्की कशी चालते, याचा माझा तेवढ्या दिवसांत चांगला अभ्यास झाला.

सगळ्यात आधी वार बघून पडा. सोमवारी पाळकसाहेबांची सुट्टी. शनिवारी उपदेशाची तयारी. रविवारी सकाळी इथली उपासना, दुपारी दोन खेड्यांतल्या. मधले दिवस बैठकांचे. बुधवारी चार ते पाच जरा मोकळे असतात, पण त्या वेळात हाड मोडायला नशीब लागतं.

वर्षाच्या वर्गणीची पावती उशाशी ठेवा.

मग ग्रुपवर टाका. मी टाकलं. तासाभरात ६३ जोडलेले हात आले. मोजलेत मी, दवाखान्यात रात्री दुसरं काम काय असतं? त्यातला एकही हात डबा घेऊन आला नाही.

शास्त्राचा आधार काढायच्या भानगडीत पडू नका. मी काढला. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात सरळ लिहिलंय की कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. आमचे एक वडील शांतपणे म्हणाले, "बोलवावं, असं लिहिलंय. तुम्ही बोलावलं होतं का?" माणूस वचनाला धरून बोलला, नाव ठेवता येत नाही. तेव्हा पडण्याआधी सेक्रेटरींच्या नावे अर्ज लिहून ठेवा. तेलाचं म्हणाल तर आईच्या डोक्याला तेल लावून वेणी घातली ती शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेनं. दर्ग्याजवळ राहणारी मुसलमान पोरगी. तिला कुणी अर्ज केला नव्हता.

आता मुख्य सूचना. कमिटीत निवडून या. स्वतःला जमत नसेल तर एखादा साडू, एखादा व्याही तरी पंचांत असू द्या. विसाव्या दिवशी मी थर्मास घेऊन चहा आणायला निघालो, तर पॅसेजमध्ये ही गर्दी. पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार, महिला मंडळाच्या दोघी, आणि सेलोफेनमध्ये गुंडाळलेली फळांची करंडी. मला वाटलं, आले! देवाशपथ, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आई जागी आहे का, केस नीट आहेत का, हे बघायला मी मागे वळणार, तेवढ्यात सगळे स्पेशल रूममध्ये शिरले. एका पंचाच्या साडूचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. दार बंद झालं. आतून गीत ऐकू आलं, चांगली चार कडवी. बाहेर आल्यावर सेक्रेटरींनी मला बघितलं. "अरे, तू इथं कसा?" म्हटलं, आई जनरल वॉर्डात आहे, वीस दिवस झाले. "हो हो, ग्रुपवर वाचलं. प्रार्थनेत आठवण ठेवतो हं." आणि लिफ्ट आली. जनरल वॉर्डाचं दार तिथून तीस पावलांवर होतं. रात्री ग्रुपवर फोटो आला, खाली 'रुग्णभेट सेवा'. साडूच्या पोटावर करंडी ठेवली होती.

या सेक्रेटरींना तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं ते माझ्या आईनं, रविवारच्या शाळेत. 'मृत्युच्छायेच्या'पाशी अडखळायचे. आई प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणून घ्यायची आणि जमलं की पेपरमिंटची गोळी द्यायची. ४१ वर्षं महिला मंडळात काढली तिनं.

पाळक म्हणजे मेंढपाळ. तो कसा असतो हे बघायला आपल्याला बेथलेहेमला जायची गरज नाही. जत-आटपाडीकडचे धनगर मेंढरांचा वाडा घेऊन निघतात ते बघा. चालता न येणारी कोकरं ते घोड्यावर घालून नेतात. कोकरू जनरल आहे की स्पेशल, असं विचारत नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ नव्याण्णव सोडून एकाच्या मागे गेला. आपण नव्याण्णवांचा फोटो नीट आला का ते बघतो.

पाळकसाहेबांवरच सगळं ढकलणार नाही मी. एकटा माणूस, पावणेदोनशे घरं, पगार आपण वेळेवर देत नाही, आणि नावं पाठ होईस्तोवर बदली होते. पण हे काम एकट्याचं कधीच नव्हतं. यरुशलेमेत काही विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं तेव्हा प्रेषितांनाही ते झेपलं नाही, म्हणून त्यांनी सात माणसं निवडायला लावली. प्रेषितांच्या कृत्यांत आहे, सहावा अध्याय. आपण पंच कशासाठी निवडतो? जागेच्या दाव्याची तारीख असली की कोर्टात चौदा जण हजर! पाऊस असो, लग्न असो. आणि एका म्हातारीसाठी सांगली-मिरज एवढं लांब पडतं?

जमत नाही असंही नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा महिला मंडळाच्या याच बायकांनी चर्चच्या मागे चुली मांडून भाकरी थापल्या होत्या. कुणाची वर्गणी थकली आहे ते कुणी विचारलं नव्हतं. आता काय झालंय तुम्हाला? दर वेळी गावात पाणी शिरायला लागतं का?

आणि मीही तसलाच. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीतले आबा चार महिने अंथरुणावर होते. मी ग्रुपवर हात जोडले होते. दोनदा.

आई आता घरी आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दर रविवारी साडेनऊला उपासनेची साडी नेसून, वॉकर समोर घेऊन खाटेवर बसते. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, गेला. ती भाकर आणि द्राक्षारस घेऊन कुणी घरी येईल म्हणून ती एक वाजेपर्यंत जेवली नाही. तिला मी काय सांगायचं? बैठक होती म्हणून सांगू? तुम्हाला शरम कशी वाटत नाही? करंडी नको, फोटो नको. या आणि तिच्याजवळ दहा मिनिटं बसा. जिना झेपत नसेल तर खालून हाक मारा, मी हात धरून वर आणतो. पण ते मोबाइलमधले हात आता बास करा.