काकांची दोरी आणि उलटे आटे

आज दुपारी एका सेवा केंद्रात मिक्सर घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलाने तो उलटा करूनही न पाहता सांगितले, "मॅडम, याचे पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या." बिघडले होते काय, तर वरचा कपलर, म्हणजे मोटरच्या दांड्यावरची भांडे जिच्यावर बसते ती चकती, झिजला होता, आणि तो तर मलाही दिसत होता. तेव्हापासून डोके तापले आहे आणि सांगलीचे काका सारखे आठवत आहेत.

काकांचा रेडिओ दुरुस्तीचा लहानसा गाळा होता. त्यावर घर चालत होते हे खरे, पण त्यांचा जीव रमायचा तो खटपटीत. एकदा भर पावसात पलूसकडचे एक म्हातारे शेतकरी व्हॉल्व्हचा जुना रेडिओ पोत्यात गुंडाळून घेऊन आले. आतली दोरी तुटल्यामुळे बटण नुसतेच फिरत होते, काटा जागचा हलत नव्हता आणि सांगली केंद्र काही लागत नव्हते. तशी दोरी बाजारात मिळेना, म्हणून काकांनी आधी मासे धरायची नायलॉनची तार लावून पाहिली, ती घसरली. मग कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडून मेणाचा दोरा आणला, तारा जोडताना सोल्डरिंगला वापरायची राळ कुटून त्याला चोळली, चाकावरून तो वेढे देऊन घेतला आणि स्प्रिंगला ताणून बांधला. तीन तास गेले. काटा सरकत सांगली केंद्राच्या १२५१ किलोहर्ट्झवर आला आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की काकांनी पैसे घेतले फक्त पाच रुपये. काकू त्या रात्री त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि काकूंचेही काही चुकले नव्हते.

किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे काकांच्या तोंडी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सतत असायचे. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढणाऱ्या या माणसाने पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. लक्ष्मणरावांना रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे चित्रकला सोडावी लागली होती. त्यावर काका रेडिओतल्या रेझिस्टर नावाच्या बारक्या भागावरचे, त्याचा रोध किती ते सांगणारे रंगीत पट्टे दाखवत म्हणायचे, "बरं झालं, ते रेडिओच्या धंद्यात आले नाहीत!"

नवी यंत्रे कमी वीज खातात आणि दुरुस्तीची मजुरी आता परवडत नाही, हे मान्य. पण उघडूनसुद्धा बघायचे नाही? त्या म्हाताऱ्याला काकांनी "आबा, नवीन घ्या" म्हटले असते तर ते भिजत, पोते डोक्यावर घेऊन परत गेले असते. त्या पोराला तरी काय बोलणार म्हणा, त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर कुणी दिलाच नसेल. काकांनी मला दिला होता, नववीत असताना, आणि दोरीचे वेढे मोजायला समोर बसवले होते. पहिल्यांदा माझा वेढा उलटा पडला आणि बटण उजवीकडे फिरवले की काटा डावीकडे पळू लागला. काका रागावले नाहीत, उलट पोट धरून हसले.

संध्याकाळी बाजारातून चाळीस रुपयांचा कपलर आणला. खालून मोटरचा दांडा घट्ट धरला आणि जुना कपलर नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवू लागले, तो हलेना. मग काकांचे शब्द आठवले: "मिक्सरचे आटे उलटे असतात गं, उजवीकडे फिरव." उजवीकडे फिरवला, सुटला.

उद्या सकाळी चटणी वाटायची आहे, ओल्या खोबऱ्याची, काकांना आवडायची तशी.