नळ नव्हे, पंजा

रात्री दोन वाजता येणारा ‘लप्‌ लप्‌’ असा आवाज गळक्या नळाचा असावा, या समजुतीने मी दोनदा प्लंबर बोलावला. तिसऱ्यांदा दिवा लावून पाहिले, तर आमचा कुत्रा शेरू एकाग्र चित्ताने पुढचा पंजा चाटत होता आणि त्या पंजाचे पांढरे केस लाळेने गंजल्यासारखे तांबूस झाले होते. कानांनाही आंबूस वास येत होता.

पशुवैद्यांनी आधी पिसवा आणि कानाचा संसर्ग यांचा बंदोबस्त केला. तरीही बारा महिने टिकणारी खाज हटेना, तेव्हा त्यांनी अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा संशय व्यक्त केला. “पण चिकन तर तो तीन वर्षे खातो आहे!” असे मी वकिली थाटात म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, की अ‍ॅलर्जी बहुधा रोजच्या ओळखीच्या प्रथिनाचीच होते. बीफ, दूध, चिकन आणि गहू हे त्यांतले सराईत आरोपी. मधल्या काळात मी खाद्याचे चार ब्रँड बदलले होते. घरी येऊन चष्मा लावून पाहिले, तर चारही पिशव्यांवर बारीक अक्षरांत चिकन होतेच. मी इमानेइतबारे पिशवीचा फक्त रंग बदलत आलो होतो.

रक्त तपासून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा, ही माझी सूचनाही फेटाळली गेली, कारण या बाबतीत त्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. उपाय एकच होता: किमान आठ आठवडे खास आहार, ज्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या संरक्षणयंत्रणेला ती ओळखूच येत नाहीत. त्याखेरीज पाण्याशिवाय काहीही तोंडात जाता कामा नये.

पथ्य शेरूचे होते, पण पाळायचे आम्हाला होते. तिसऱ्या आठवड्यात बाबा खुर्चीखाली बिस्किटाचा तुकडा ‘चुकून’ पाडताना सापडले. “एवढ्याशा तुकड्याने काय होते?” या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बायकोने कॅलेंडरवरच्या सगळ्या फुल्या खोडल्या आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. मी बाबांना तासभर शिस्तीचे महत्त्व ऐकवले. पुढे दोनच आठवड्यांनी मी शेरूला जंताची गोळी दिली, ती त्याने मिटक्या मारीत खाल्ली, आणि ती मांसाच्या चवीची असल्याचे वेष्टनावर बाबांनीच मला मोठ्याने वाचून दाखवले. ती फुल्या पुसणारी संध्याकाळ त्यांनी विलक्षण आनंदात घालवली.

अखेर आठ आठवडे निर्विघ्न पार पडले, पंजा कोरडा झाला, आम्ही झोपू लागलो. तोच पशुवैद्य म्हणाले, “आता जुने खाद्य पुन्हा सुरू करा. खाज परत आली तरच निदान पक्के.”

चौथ्या रात्री दोन वाजता ‘लप्‌ लप्‌’ ऐकू आले. बायको आणि मी धडपडून उठलो आणि एकमेकांचे अभिनंदन केले. बाबाही दारात येऊन उभे होते. शेरूने क्षणभर चाटणे थांबवून आम्हा तिघांकडे पाहिले आणि दुसरा पंजा घेतला.